चौकटीवरच्या रेघा

पुण्यात दहावीच्या वर्षाच्या आसपास बऱ्याच घरांत एकच काळजी ऐकू येते: "वर्गात सगळ्यांत बुटका आमचाच." मग दारात लोंबकळायचा बार बसतो, पावडरीचे डबे येतात. खरं तर त्या घराच्या चौकटीवर उंची मोजून मारलेल्या पेन्सिलच्या रेघा डब्यापेक्षा जास्त कामाच्या.

हाच उद्योग फ्रान्समधल्या काउंट माँबेयार यांनी १७५९ ते १७७७ केला. मुलाची उंची साधारण दर सहा महिन्यांनी मोजली आणि वयात येताना वाढ कशी उसळी घेते, ते आकड्यांत दिसलं.

पण बुटका कोणाला म्हणायचं? समान वयाच्या शंभर मुलांत (किंवा मुलींत) सर्वांत खालच्या तिघांत उंची मोडत असेल तर, असा ढोबळ संकेत आहे. हे शंभर कोणते, इथे खरी मेख आहे. आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन संस्थेने १९५६ ते १९६५ दरम्यान देशभर मोजमापं घेतली, पण त्यात गरीब घरांतली मुलं जास्त. उपाशी पोरांची उंची आदर्श कशी धरणार? पुढे १९८९-९१ मध्ये सुस्थितीतल्या मुलांची मोजमापं झाली. त्यावर बेतलेले वयानुसार उंचीचे तक्ते भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने २००७ मध्ये स्वीकारले. सध्याचे ५ ते १८ वर्षांचे तक्ते २०१५चे. चौदा शहरांतल्या खात्यापित्या घरच्या मुलांवर बेतलेल्या त्या कामात पुण्याचे डॉ. वामन आणि डॉ. अनुराधा खाडिलकर आघाडीवर होते.

त्यातही आईबाप बघावे लागतात. दोघांच्या उंचीची बेरीज, मुलगा असेल तर अधिक १३ सेंमी, मुलगी असेल तर उणे १३, आणि भागिले दोन. वडील १६८, आई १५२, तर मुलाचा अंदाज १६६.५. अशा घरात सहा फुटांचा हट्ट फुकटचा.

बहुतेक बुटकी मुलं एकतर घराण्यावर गेलेली असतात किंवा उशिरा वयात येणारी. नववीत मिसरूड नाही, डाव्या हाताच्या एक्स-रेत हाडांचं वय (हाडं किती पक्व झालीत, त्यावरून काढलेलं) दोन वर्षं मागे, पण बापही कॉलेजात गेल्यावरच उंच झालेला! अशाला बहुधा वाट पाहणं पुरतं. थायरॉइड, किडनीचे विकार, जुलाबाशिवायही असू शकणारा सीलिअॅक (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार), दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइडं मात्र शोधावी लागतात. मुलगी असेल तर टर्नर सिंड्रोमसाठी (मुलींमधला, एक X गुणसूत्र नसण्याचा किंवा अपुरं असण्याचा विकार) गुणसूत्रांची तपासणीही.

ग्रोथ हॉर्मोनची कमतरता त्या मानाने कमी. १९५८ मध्ये हे हॉर्मोन मृतांच्या मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून काढून पहिल्यांदा यशस्वीपणे दिलं गेलं. त्यातून काहींना मेंदूचा जीवघेणा आजार झाल्याचं १९८५ मध्ये उघड झालं, अमेरिकेत ते थांबलं, आणि त्याच वर्षी तिथे प्रयोगशाळेत बनवलेल्या हॉर्मोनला परवानगी मिळाली. इंजेक्शन महाग, बहुधा रोजचं. हाडांची वाढणारी टोकं एकदा जुळून वाढ थांबली की त्याने उंची वाढत नाही.

म्हणून डॉक्टर आजच्या उंचीइतकंच महत्त्वाचं म्हणून हेही विचारतात, "गेल्या वर्षी किती होता?" वयात येण्याआधीच्या वर्षांत वर्षाला चार सेंमीपेक्षा कमी वाढ असेल तर तपासण्या सुरू होतात. अशा वेळी एखादी आई पर्समधून मोबाइल काढते आणि चौकटीचा फोटो दाखवते, तारखांसकट.