वस्ताद (सोलापूर)

तालमीत कुस्ती शिकवणारा आणि पैलवानाचा खुराक, झोप, जोड (कुस्ती कोणाशी लावायची ते), पुष्कळदा शिक्षण-नोकरीचाही निर्णय घेणारा प्रशिक्षक. सोलापूर शहरात पाणीवेस, पत्रा तालीम, थोरला मंगळवेढा तालीम ही नावे आता मिरवणुकांत जास्त ऐकू येतात. पैलवान निघतात ते तालुक्यांतून. बाला रफिक शेख (महाराष्ट्र केसरी, 2018) मूळचा करमाळा तालुक्यातला, सिकंदर शेख (2023) मोहोळचा. सिकंदर घडला मात्र कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत. होतकरू पोरगा मिसरूड फुटायच्या आत कोल्हापूर-पुणे गाठतो. नाव तिकडच्या वस्तादाचे होते; पाया, आणि लागलेली खोडही, गावच्या वस्तादाची.

नव्या पोराला लगेच लढत देत नाहीत. आधी आखाडा उकरायचा, मग जोर, बैठका, सपाट्या. मातीत हळद, तेल, ताक, लिंबू घालतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात ती लवकर वाळते. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा आणि बोट लावताच फुटावा, इतपतच ओल हवी. कमी पडली तर ढेकळांनी कोपर-गुडघे सोलतात, जास्त झाली तर पाय सरकतो.

वस्तादाची खरी पारख जोड लावण्यात. यात्रेतल्या इनामाच्या लोभाने कच्च्या पोराला जड पैलवानाशी भिडवले की खांदा किंवा गुडघा जातो. कायम हलकी जोड दिली तर पोरगा जिंकतो, पण बचाव शिकत नाही. मॅटचे गणित आणखी वेगळे: 3-3 मिनिटांच्या दोन फेऱ्या, मध्ये 30 सेकंद विश्रांती, फ्रीस्टाइलमध्ये 10 गुणांची आघाडी झाली की कुस्ती संपली. मातीतल्या सवयीने खडाखडीत (डाव न टाकता उभ्याने हात-मान झटत) वेळ काढणारा पैलवान इथे वर्तुळाबाहेर ढकलला जाऊन एकेक गुण गमावतो.

सर्वांत जास्त नुकसान खालच्या वजनगटात बसण्यासाठी वजन उतरवण्यात होते. अंगातले पाणी शरीराच्या वजनाच्या 2 टक्क्यांहून जास्त घटले, म्हणजे 60 किलोच्या मल्लाचे सव्वा किलोच्या आसपास, की दम तुटू लागतो. तरीही आदल्या रात्री स्वेटर घालून पळवणारे वस्ताद आहेत. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये विनेश फोगाट अंतिम लढतीच्या सकाळी 100 ग्रॅमने जास्त भरली आणि बाद झाली. तिच्यामागे तर जाणकारांचे पथक होते. वाढत्या वयाच्या मुलाला वरच्या गटात खेळवणे केव्हाही शहाणपणाचे.

वस्तादापुढे बोलायचे नाही, या रिवाजाने शिस्त लागते, दुखापतही लपते. थंडाईच्या जोडीला आता पावडरचे डबे आले आहेत. उत्तेजक चाचणीत सापडल्यावर ‘वस्तादांनी दिले’ ही सबब चालत नाही, जबाबदारी खेळाडूचीच. बंदी 4 वर्षांपर्यंतची असू शकते.

राज्य शासनाच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी मान्यताप्राप्त स्पर्धेचे प्रमाणपत्र लागते आणि त्याची क्रीडा खात्याकडून पडताळणी व्हावी लागते. यात्रेतल्या गदेला तिथे किंमत नाही. म्हणून जाणता वस्ताद पोराला शालेय स्पर्धांत वेळेवर उतरवतो आणि त्याची कागदपत्रे स्वतःच्या पेटीत जपतो.