क्रूझवरच्या भारी रेस्टॉरंटमध्ये पोरं चालत नाहीत?

'क्रूझवर फाइन डायनिंगमध्ये लहान मुलांना घेतच नाहीत, पोरं घरी ठेवा' असा मेसेज आमच्या जळगावच्या फॅमिली ग्रुपवर उन्हाळा आला की फिरतो. अर्धी गोष्ट खरी आहे, म्हणून पटतोही.

आता बघा, जहाजावर मोठी डायनिंग रूम असते ना, टेबलावर पांढरं कापड, तीन-चार कोर्स, वेटर येऊन विचारणार, तिथलं जेवण बहुतेक जहाजांवर तिकिटातच धरलेलं असतं आणि पोरं बिनधास्त चालतात, त्यांचा वेगळा मेनूही असतो. जादा पैसे घेणारी स्पेशालिटी रेस्टॉरंट वेगळी. त्यातली काही फक्त १८ वर्षांपुढच्यांसाठी, बाकीच्यांत मुलं चालतात, कधी कमी चार्जमध्ये. काही जहाजं तर पूर्णच मोठ्यांची. एकाचा नियम सगळ्यांना लावला की झाला गोंधळ.

चेक करायचं तर कंपनीच्या साइटवर त्याच जहाजाच्या त्याच रेस्टॉरंटचं पान उघडून वयाची अट आणि ड्रेस कोड वाचा, एजंटकडून मेलवर लिहून घ्या, फोनवरचं 'हो हो भाऊ' नको. आणि दोन तास पोर टेबलावर बसेल का हे आपलं आपल्यालाच माहीत, आमचा भाचा तर भरीत-पुरी येईपर्यंत चारदा टेबलाखाली जाऊन येतो.