गाडीची बॅटरी १२ व्होल्टची, मग पेट्रोल पेटवायला ठिणगी पाडणाऱ्या स्पार्क प्लगला ३०,००० व्होल्ट येतात कुठून?

प्लगला व्होल्टेज देणारी इग्निशन कॉइल म्हणजे छोटा ट्रान्सफॉर्मर, १२ व्होल्टचे ३०,००० करतो, असं सगळीकडे ठोकून दिलेलं असतं. जरा हिशोब करून बघा की. आत दोन तारा गुंडाळलेल्या असतात, बॅटरीकडची प्रायमरी आणि प्लगकडची सेकंडरी. सेकंडरीला प्रायमरीच्या साधारण शंभरपट वेढे असतात, म्हणजे १२ चे झाले १,२००, उरलेले कोण देणार? शिवाय बॅटरी डीसी, आणि डीसीवर ट्रान्सफॉर्मर चालत नाही हे शाळेतच शिकलोय.

खरी गंमत करंट बंद करण्यात आहे. ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, प्रायमरीतून दोन-तीन मिलिसेकंद करंट सोडतो, तो चढत चढत ७ अँपिअरच्या आसपास जातो, लोखंडी गाभ्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं आणि नेमका तेव्हाच ईसीयू करंट तोडतो. फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं होतं की व्होल्टेज क्षेत्र किती मोठं यावर नाही तर ते किती झटकन बदलतं यावर ठरतं. जोरात वाहणारा नळ खाडकन बंद केला की पाइप दणका देतो ना, तसंच. क्षेत्र कोसळताना एकट्या प्रायमरीतच ३००-४०० व्होल्ट उसळतात, आता करा गुणिले शंभर! साठलेली ऊर्जा अर्धा एल आय वर्ग (एल म्हणजे प्रायमरीचा इंडक्टन्स, आय म्हणजे करंट), ३ मिलिहेन्री धरले तर जेमतेम ७३ मिलिज्यूल, पण पेट्रोलच्या वाफेला तेवढी भरपूर झाली.

आणि व्होल्टेज चढतं ते प्लगची गॅप फुटेपर्यंतच, म्हणजे प्लगच्या टोकांमधल्या फटीतून ठिणगी उडेपर्यंतच. गॅप १२,००० ला फुटली तर तिथेच थांबलं, त्यामुळे चांगल्या इंजिनाला 'हाय पॉवर' कॉइल लावून मायलेज वाढतं वगैरे निव्वळ विकायच्या गप्पा. उलट प्लग झिजून गॅप वाढली किंवा लोडवर सिलिंडरमधलं प्रेशर वाढलं की जास्त व्होल्टेज लागतं, मग कॉइलचं कमकुवत इन्सुलेशन आतच फुटतं आणि ठिणगी भलतीकडे जाते. म्हणून आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) सगळं ठीक आणि चढावर मिसिंग, म्हणजे ठिणगी चुकून इंजिन अडखळतं.

शोधायचं कसं? प्रत्येक प्लगवर वेगळी कॉइल असेल तर सोपं आहे. गाडीचे बिघाडाचे कोड वाचणाऱ्या स्कॅनरवर पी०३०२ आला म्हणजे दुसऱ्या सिलिंडरला मिसफायर (तेच मिसिंग), इंजिन बंद करून ती कॉइल तिसऱ्यावर लावा, कोड पी०३०३ झाला की चोर सापडला, आणि नाही हलला तर प्लग, वायरिंग, इंजेक्टर बघा. मल्टिमीटरवर फार विसंबू नका, थंड कॉइल रेझिस्टन्स बरोबर दाखवते आणि तापली की दगा देते. चालू इंजिनवर कॉइल उपटून बघायचा प्रकार तर अजिबात नको, शॉक बसतो आणि नवीन बिघाड होतो तो वेगळाच.

दुरुस्ती म्हणाल तर आत इपॉक्सी भरलेलं असतं, उघडता येत नाही, बदलायचीच. फक्त खालचा रबरी बूट फाटला असेल तर काही कॉइलना तेवढाच वेगळा मिळतो. झिजलेले प्लगही सोबतच बदला नाहीतर नवी कॉइलही त्याच वाटेने जाईल, आणि प्लगच्या खड्ड्यात ऑइल दिसलं तर आधी वरच्या कव्हरचं सील बदलून घ्या.