पेशी जागा सोडते तेव्हा: रिसेप्टर, शिरकाव आणि एका मोजपट्टीची पार्श्वभूमी

खारघरच्या सेक्टर २२ मधल्या कर्करोग संशोधन केंद्रातून २०११ साली एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जिभेच्या कर्करोगापासून वाढवलेल्या पेशींमध्ये केराटिन-८ हे प्रथिन घटवलं, तर पेशीला आजूबाजूच्या ऊतीशी जोडणाऱ्या अल्फा-६-बीटा-४ या इंटेग्रिन प्रथिनाचे संकेत मंदावले. पेशींची हालचाल कमी झाली आणि शेजारच्या ऊतीत त्यांचा शिरकावही घटला. तंबाखू, मिश्री आणि गुटख्याने ठाणे-रायगड पट्ट्यात काय केलं आहे, हे इथल्या वाचकाला सांगायला नको. तोंडाच्या कर्करोगात रुग्ण गमावला जातो तो बहुतेकदा गाठ जबड्याच्या हाडात आणि मानेतल्या लसिका ग्रंथींत उतरल्यामुळे. म्हणून असं काम मला फार मोलाचं वाटतं. औषधांच्या शोधात मात्र शिरकाव कसा रोखायचा हा प्रश्न बराच काळ मागच्या रांगेत राहिला. त्याची कारणं जुनी आहेत.

पसरणारा कर्करोग सगळ्या अवयवांत सारखाच रुजत नाही, ज्या अवयवाची जमीन त्याला मानवते तिथेच रुजतो, हे १८८९ साली एका इंग्रज शल्यविशारदाने मांडलं होतं. पुढची सत्तर-पंचाहत्तर वर्षं त्यात फारशी भर पडली नाही. १९६०च्या दशकाच्या सुरुवातीला ईजीएफ हा वाढीचा घटक सापडला. १९८४ मध्ये त्याच्या रिसेप्टरची, म्हणजे हा संकेत झेलणाऱ्या पेशीवरच्या प्रथिनाची, रचना कोंबड्यांना कर्करोग देणाऱ्या एका विषाणूच्या जनुकाशी जुळली, आणि सगळं चित्रच पालटलं. रिसेप्टर सतत चालू राहिला की पेशी विभागत राहते, हे सूत्र इतकं पक्कं बसलं की ‘रिसेप्टर म्हणजे वाढ’ असं समीकरणच झालं.

त्याच सुमारास दुसरा एक धागा हाती आला होता. संयोजी ऊतीतल्या पेशी ज्या द्रवात वाढवल्या, तो द्रव एकमेकींना चिकटून असलेल्या उपकला (अवयवांचं अस्तर बनवणाऱ्या) पेशींवर टाकला की त्या विखुरतात, असं १९८५ मध्ये दिसलं. हा विखुरणारा घटक आणि यकृताच्या पेशी वाढवणारा घटक एकच आहेत, हे १९९१ मध्ये स्पष्ट झालं. त्याचा रिसेप्टर म्हणजे मेट. एकच संकेत, पण पेशीला वाढवणारा आणि तिला जागेवरून हलवणाराही.

१९९०च्या दशकात तपशील भरत गेले. अल्फा-६-बीटा-४ इंटेग्रिनचं नेहमीचं काम पेशीला आधारपटलाशी, म्हणजे तिच्याखालच्या पातळ पडद्याशी, खिळून ठेवण्याचं. ईजीएफचा संकेत आला की हेच इंटेग्रिन खिळा सोडून पेशीच्या पुढे सरकणाऱ्या कडेला जातं. तिथून पीआय-३-कायनेज हे संकेत पुढे नेणारं विकर (एन्झाइम) जागं करून ते शिरकावाला जोर देतं, हे १९९७ साली दाखवलं गेलं. आधी बांधून ठेवणारा रेणूच पुढे वाट काढतो. या विषयातली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट हीच. २००४ मध्ये स्तनाच्या कर्करोगात आणखी एक पायरी उलगडली: कर्कपेशी सीएसएफ-१ हा संकेत-रेणू सोडून मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशी बोलावतात, मॅक्रोफेज ईजीएफ सोडतात, आणि दोघं जोडीने पुढे सरकतात.

एवढं माहीत असून शिरकाव रोखणारी औषधं का आली नाहीत? आधारपटल विरघळवणाऱ्या विकरांना अडवणारी औषधं १९९०च्या दशकात आली आणि पडली. त्यांनी सांधे दुखायचे हे एक झालं. पण ती दिली गेली आधीच सर्वत्र पसरलेल्या आजारात, म्हणजे चोर घरात शिरल्यावर दाराला कडी घालावी तशी.

खरी अडचण २००० साली पक्की झाली, असं माझं मत आहे. त्या वर्षी युरोप-अमेरिकेतल्या संस्थांनी मिळून औषध लागू पडलं की नाही हे ठरवायची एक सामाईक मोजपट्टी आणली. निवडलेल्या गाठींच्या सर्वांत लांब व्यासांची बेरीज निदान ३० टक्के घटली, तर आंशिक प्रतिसाद. यामागचा हेतू चांगला होता. त्याआधीचे निकष प्रत्येक केंद्र आपापल्या पद्धतीने वापरायचं, त्यामुळे निकालांची तुलना होत नसे. पण पेशीला जागेवर रोखणारं औषध गाठ आकसवेलच असं नाही. त्याचं यश नव्या जागी न उगवलेल्या गाठीत असतं, आणि ते प्रतिसादाच्या टक्केवारीत दिसत नाही. आजार किती काळ वाढला नाही हेही मोजता येतं, असं या पट्टीचे समर्थक म्हणतात. ते खरं आहे. मात्र सुरुवातीच्या छोट्या चाचण्यांत औषध पुढे न्यायचं की सोडायचं हे अनेकदा आकसण्यावरच ठरलं. त्यात शिरकावविरोधी रेणूंवर अन्याय झाला, असं मी म्हणेन.

शस्त्रक्रियेच्या बाजूने मात्र शिरकावाला मान मिळाला. तोंडाच्या कर्करोगाच्या टप्प्यांची आंतरराष्ट्रीय वर्गवारी २०१७ मध्ये सुधारली. तेव्हापासून गाठीच्या रुंदीइतकंच ती किती मिलिमीटर खोल उतरली यालाही महत्त्व आहे. खोली ५ मिलिमीटरच्या पुढे गेली की लहान गाठीचाही टप्पा वाढतो. २०१८ मध्ये अमेरिकेत प्रोस्टेटच्या कर्करोगावरचं अँड्रोजेन या पुरुष-संप्रेरकाचा रिसेप्टर अडवणारं एक औषध ‘दूर न पसरता गेलेला काळ’ या निकषावर मंजूर झालं. २०२१ मध्ये ईजीएफ रिसेप्टर आणि मेट दोघांनाही एकदम पकडणारं प्रतिपिंड (अँटिबॉडी) फुफ्फुसाच्या कर्करोगासाठी तिथेच मंजूर झालं. मेट म्हणजे विखुरण्याचाच रिसेप्टर. तरी ती मंजुरी मिळाली गाठी किती रुग्णांत आकसल्या यावर.