फ्लॅशबल्ब स्मृती : ‘त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?’

मोठ्या आघाताची बातमी कानावर पडली तेव्हा आपण कुठे होतो, काय करत होतो, कोणी सांगितले आणि मग लगेच काय झाले, याची वर्षानुवर्षे टिकून राहणारी ठसठशीत आठवण म्हणजे फ्लॅशबल्ब स्मृती. मानसशास्त्रातील या संज्ञेत एक भेद महत्त्वाचा आहे. ही आठवण घटना कळल्याच्या क्षणाची असते, प्रत्यक्ष घटनेची नव्हे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीत माळवदाखाली गाडले जाऊन वाचलेल्या माणसाची आठवण हा त्याचा स्वतःचा अनुभव होय. आदल्या रात्री विसर्जनाच्या मिरवणुकीतून दमून आलेला आणि सकाळी रेडिओवर भूकंपाची बातमी ऐकलेला दूरच्या शहरातला माणूस आज जे सांगतो, ती फ्लॅशबल्ब स्मृती.

हे नाव रॉजर ब्राउन आणि जेम्स कुलिक या हार्वर्डच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७७ साली दिले. जुन्या कॅमेऱ्यांचा फ्लॅशबल्ब एकदाच पेटायचा आणि जळून जायचा. त्या एका लखलखाटात समोर जे असेल ते सगळे फोटोत यायचे. नवरानवरी यायची आणि मागच्या दोरीवर वाळत घातलेला टॉवेलही यायचा. अशा आठवणीतही तो टॉवेल असतो. बातमी सांगणाऱ्याच्या हातातली पिशवी, चुलीवर उतू गेलेले दूध, शेजारच्या खिडकीतून येणारा निवेदकाचा आवाज यांचा घटनेशी काही संबंध नसतो, तरी ते तिच्याबरोबर राहून जातात. सगळेच तपशील टिकत नाहीत, हे त्या दोघांनीही नोंदवले होते.

अभ्यास मात्र त्याहून जुना आहे. अब्राहम लिंकन यांच्यावर १४ एप्रिल १८६५ रोजी गोळी झाडली गेली. त्यानंतर ३० हून अधिक वर्षांनी एफ. डब्ल्यू. कोलग्रोव्ह यांनी १७९ लोकांना विचारले, की ती बातमी ऐकली तेव्हा तुम्ही कुठे होतात? १२७ जणांनी जागा, वेळ, सांगणारा माणूस असे सगळे तपशील दिले. १८९९ साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्या काळी लोकांनी सांगितलेले पडताळून पाहण्याची सोय नव्हती आणि कोणाला तशी गरजही वाटली नाही. इतक्या ठामपणे सांगितलेली गोष्ट खोटी कशी असेल, असेच सगळ्यांना वाटत होते.

ठामपणा आणि खरेपणा

या समजुतीला पहिला धक्का अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ अल्रिक नायसर यांनी दिला, तोही स्वतःच्याच आठवणीवर बोट ठेवून. जपानने ७ डिसेंबर १९४१ रोजी पर्ल हार्बरवर हल्ला केला, त्या दिवशी ते घरी बैठकीच्या खोलीत रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत होते, मध्येच सामना थांबवून बातमी दिली गेली आणि ते आईला सांगायला धावत वर गेले, असे त्यांना कितीतरी वर्षे स्पष्ट आठवत होते. पुढे कधीतरी त्यांच्या ध्यानात आले, की डिसेंबरात अमेरिकेत बेसबॉलचे सामने होतच नाहीत. नंतर इतर संशोधकांनी दाखवून दिले, की त्या दिवशी रेडिओवर अमेरिकन फुटबॉलचा सामना चालू होता आणि खेळणाऱ्या संघांची नावे बेसबॉलच्या प्रसिद्ध संघांसारखीच होती. म्हणजे आठवण साफ खोटी नव्हती. गाभा बरोबर होता, एक तुकडा बदलला गेला होता, आणि तो बदललेला तुकडाही अस्सल तुकड्याइतकाच लख्ख दिसत होता.

मग २८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर हे अवकाशयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांनी फुटले आणि सातही अंतराळवीर मृत्युमुखी पडले. दुसऱ्याच दिवशी सकाळी नायसर यांनी एमरी विद्यापीठातल्या १०६ विद्यार्थ्यांकडून त्यांनी बातमी कशी ऐकली ते लिहून घेतले. अडीच-तीन वर्षांनी त्यांच्यातल्या ४४ जणांना नायसर आणि निकोल हार्श यांनी तेच प्रश्न पुन्हा विचारले. फक्त तिघांची उत्तरे मुख्य बाबींत पूर्णपणे जुळली. ११ जणांची एकही मुख्य बाब जुळली नाही. एका विद्यार्थिनीने पहिल्या दिवशी लिहिले होते, की धर्म या विषयाच्या तासाला काही मुले आत आली आणि बोलू लागली, तेव्हा कळले. तीन वर्षांनंतर तिला आठवत होते ते असे : वसतिगृहाच्या खोलीत मैत्रिणीबरोबर टीव्ही पाहत बसले होते, तेवढ्यात बातमी झळकली, आणि आम्ही सुन्न झालो. यात तिला तिळमात्र शंका नव्हती.

त्यानंतर या मुलांपुढे त्यांचेच जुने कागद ठेवण्यात आले. अक्षर आपले आहे हे सगळ्यांना ओळखता आले. पण ते वाचून पहिली आठवण कोणालाच परत आली नाही. या विषयावरच्या सगळ्या संशोधनात मला हाच भाग सर्वांत हलवून टाकणारा वाटतो. जी आठवण गेली ती गेलीच होती, आणि तिची जागाही रिकामी राहिली नव्हती.

अमेरिकेत ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यांनंतर हेच प्रयोग मोठ्या प्रमाणावर झाले. ड्यूक विद्यापीठात जेनिफर टॅलॅरिको आणि डेव्हिड रुबिन यांनी दुसऱ्याच दिवशी ५४ विद्यार्थ्यांच्या दोन आठवणी टिपून घेतल्या, एक हल्ल्याची बातमी कळल्याची आणि एक त्याच दिवसांतल्या अगदी साध्या प्रसंगाची. काळाबरोबर दोन्ही सारख्याच झिजल्या. फरक पडला तो विश्वासात : साध्या आठवणीवरचा विश्वास उतरत गेला, हल्ल्याच्या आठवणीवरचा तसाच राहिला. विल्यम हर्स्ट आणि सहकाऱ्यांनी निरनिराळ्या शहरांतल्या तीन हजारांहून अधिक लोकांचा १० वर्षे मागोवा घेतला. त्यांना दिसले, की बहुतेक झीज पहिल्या वर्षात होते आणि नंतर आठवण, बरोबर असो वा चूक, घट्ट बसते. तेव्हा आपण कुठे होतो हे लोकांना बऱ्यापैकी आठवते. तेव्हा आपल्याला काय वाटले, हे त्यामानाने पुष्कळ चुकीचे आठवते.

भारतातल्या आठवणी तपासताना

पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यावर ३१ ऑक्टोबर १९८४ रोजी सकाळी सव्वानऊच्या सुमारास दिल्लीत गोळ्या झाडल्या गेल्या. गोळीबाराची बातमी लवकर पसरली. पण आकाशवाणीने मृत्यूची अधिकृत घोषणा संध्याकाळी केली. तोवर बीबीसी ऐकणाऱ्यांना ते कळून चुकले होते. त्या वेळी पश्चिम बंगालच्या दौऱ्यावर असलेले राजीव गांधीही ट्रान्झिस्टरवर बीबीसीच ऐकत होते. म्हणजे त्या दिवशी बातम्या दोन होत्या, एक ‘गोळ्या घातल्या’ आणि दुसरी ‘गेल्या’, आणि दोहोंमध्ये कित्येक तासांची अफवांनी भरलेली घालमेल होती. आज आठवण सांगणाऱ्यांच्या तोंडी बहुधा एकच बातमी असते : ‘सकाळी रेडिओवर सांगितलं, इंदिराजी गेल्या.’ मधली दुपार गळून गेलेली असते. अशी आठवण लिहून घेणाऱ्याने त्या दुपारबद्दल आवर्जून विचारावे. दुकानांची शटर कधी खाली आली, एसटी चालू होती का, रात्री चूल पेटली का, हे सारे त्या दुपारच्या पोटात असते.

दुसरी गोष्ट शाळेची. ‘बाईंनी वर्गात येऊन सांगितलं आणि शाळा सोडून दिली’ हे वाक्य ३१ ऑक्टोबरबद्दल मराठी घरांत वारंवार ऐकू येते. त्या वर्षी दिवाळी होऊन जेमतेम आठवडा झाला होता आणि महाराष्ट्रातल्या शाळांना एरवी तेव्हा दिवाळीची सुट्टी असते. सांगणाऱ्याची शाळा खरोखर चालू असेलही, कारण सगळ्या शाळांच्या सुट्ट्या एकसारख्या नसतात. पण हा प्रश्न विचारून पाहण्याजोगा आहे. राजीव गांधींची हत्या २१ मे १९९१ रोजी रात्री दहानंतर झाली, तीही ऐन उन्हाळी सुट्टीत. त्या बातमीशी कोणी शाळेचा वर्ग जोडला तर तो वर्ग दुसऱ्या कुठल्या दिवसाचा असणार. नायसर यांचा बेसबॉल आपल्याकडे असा शाळेच्या घंटेच्या रूपाने भेटतो.

आधीच्या पिढीचा दिवस ३० जानेवारी १९४८, शुक्रवार. दिल्लीत बिर्ला भवनाच्या आवारात संध्याकाळी पाच वाजून गेल्यावर नथुराम गोडसे याने महात्मा गांधींना गोळ्या घातल्या. तेव्हा घरोघरी रेडिओ नव्हते. गावात एखाद्याच वाड्यात किंवा चावडीवर तो असायचा, आणि बातमी माणसाच्या तोंडून माणसाच्या कानात जात राहायची. त्यामुळे त्या पिढीच्या आठवणीत ‘कोणी सांगितलं’ हा भाग सर्वांत ठळक असतो.

महाराष्ट्रात या आठवणीला लगोलग दुसरी जोडली गेली. मारेकरी पुण्याचा, ब्राह्मण, हे कळल्यावर सातारा, सांगली, कोल्हापूर भागात ब्राह्मणांच्या घरांची जाळपोळ झाली. कोल्हापुरात भालजी पेंढारकरांचा जयप्रभा स्टुडिओ जळाला. अनेक कुटुंबे गाव सोडून शहरांत आली, ती कायमची. या घरांतल्या म्हाताऱ्या माणसांना ‘गांधीजी गेले तेव्हा तुम्ही कुठे होतात?’ असे विचारले, तर उत्तर बहुधा दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवसापासून सुरू होते. ‘अठ्ठेचाळीस साली’ एवढे शब्द त्यांना पुरतात. बातमीचा क्षण पुढच्या धुरात हरवलेला असतो. तेव्हा दहा वर्षांचे असलेले आज नव्वदीकडे झुकले आहेत, आणि हे विचारून घ्यायला आता फार वेळ उरलेला नाही.

दुःख कोणाचे

ब्राउन आणि कुलिक यांनी ४० गोऱ्या आणि ४० काळ्या अमेरिकनांना अनेक हत्यांबद्दल विचारले होते. जॉन केनेडी यांच्या हत्येची फ्लॅशबल्ब स्मृती ८० पैकी ७९ जणांना होती. काळ्यांच्या हक्कांसाठी लढणारे मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येच्या बाबतीत मात्र ती ४० पैकी ३० काळ्यांना होती आणि ४० पैकी फक्त १३ गोऱ्यांना. ब्रिटनच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या १९९० मधल्या राजीनाम्याचा अभ्यास झाला तेव्हा वर्षभराने ब्रिटिशांपैकी ८६ टक्क्यांना तशी आठवण होती, बाहेरच्या देशांतल्यांपैकी २९ टक्क्यांना. बातमी सगळ्यांना कळते. तिने ज्याचे आयुष्य हलते त्याच्याच मनात तो दिवा पेटतो.

महाराष्ट्रात याचे सर्वांत मोठे उदाहरण ६ डिसेंबर १९५६ हे आहे, असे मला वाटते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या दिवशी दिल्लीत झोपेतच गेले. पार्थिव विमानाने मुंबईला आणून ‘राजगृह’ येथे ठेवले गेले आणि ७ डिसेंबरला दादरच्या चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. नागपूरच्या दीक्षेला तेव्हा दोन महिनेही झाले नव्हते. बाबा गेल्याचे कसे कळले, कोण रडत आले, कोण मिळेल त्या गाडीने मुंबईला निघाले, हे दलित वस्त्यांत मुलानातवंडांना सांगितले गेले आहे. त्याच गावातल्या इतर आळ्यांत हा दिवस असा किती घरांत सांगितला जातो, हे ज्याने त्याने आपल्या घरी विचारून पाहावे.

दिल्लीतल्या शिखांचा १९८४ हाही असाच वेगळा. इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या कत्तलीत सरकारी आकड्यानुसार दिल्लीत २,७३३ माणसे मारली गेली. ‘बातमी कुठे ऐकली?’ या प्रश्नाचे त्यांचे उत्तर ‘कुठे लपलो’ या गोष्टीत मिसळून गेले आहे.

पडद्यावर पाहिलेले

टीव्ही आल्यापासून जागेची आठवण दृश्याच्या आठवणीखाली दबू लागली. मुंबईवर २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री सुरू झालेला हल्ला २९ तारखेच्या सकाळपर्यंत चालला आणि तोवर ताजचा धुराने वेढलेला घुमट घरोघरच्या पडद्यावर होता. तीन रात्रींची दृश्ये आठवणीत एकाच रात्रीत येऊन बसतात. याहून चकवणारे प्रकारही घडले आहेत. ॲमस्टरडॅममध्ये ४ ऑक्टोबर १९९२ रोजी एल अल कंपनीचे मालवाहू विमान इमारतींवर कोसळले. ते आदळतानाचे चित्रण तुम्ही टीव्हीवर पाहिले का, असे विचारल्यावर अर्ध्याहून अधिक लोक ‘हो’ म्हणाले. असे चित्रण मुळात अस्तित्वातच नव्हते. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉर्ज बुश यांनीही ११ सप्टेंबरला शाळेतल्या कार्यक्रमाला जाण्याआधी पहिले विमान आदळताना टीव्हीवर पाहिल्याचे जाहीरपणे सांगितले होते. ते दृश्य त्या वेळी कुठेही दाखवले गेले नव्हते.

मेंदूच्या बाजूने याचे स्पष्टीकरण असे दिले जाते : भीती आणि धक्का बसला की अमिग्डाला हा भाग आणि शरीरातली ताणाची संप्रेरके आठवण पक्की व्हायला मदत करतात. बाकीचे काम पुन्हापुन्हा सांगण्याने होते. दर वेळी सांगताना गोष्ट थोडी नीट होते, आणि पुढच्या वेळी आठवते ती ती नीट झालेली गोष्ट.

तरी या आठवणींना निरुपयोगी म्हणता येत नाही. डॅनिश संशोधकांनी १९४० च्या जर्मन आक्रमणाबद्दल आणि १९४५ च्या मुक्ततेबद्दल वृद्धांना विचारून त्यांची उत्तरे त्या दिवसांच्या हवामानाशी आणि वाराशी ताडून पाहिली. बहुतेकांना हे तपशील चांगलेच आठवत होते, आणि प्रतिकार चळवळीशी संबंध असलेल्यांना अधिक चांगले.

घरातल्या माणसांची अशी आठवण लिहून ठेवताना आधी त्यांना आपल्या चालीने बोलू द्यावे, मध्ये दुरुस्त करू नये. तारीख, वार, सण, सुट्टी, घरात रेडिओ कधी आला, हे प्रश्न नंतर विचारावेत. दहा वर्षांनी तीच आठवण पुन्हा विचारली आणि ती वेगळी निघाली, तर जुन्या कागदावर खाडाखोड करू नये. नवा कागद घ्यावा, दोन्हींवर विचारल्याची तारीख घालावी आणि दोन्ही एकाच पाकिटात ठेवावेत.