व्हीआर म्हणजे नुसता खेळ नव्हे

व्हीआर म्हणजे व्हर्च्युअल रिॲलिटी: डोळ्यांवर हेडसेट चढवला की समोर आभासी जग उभं राहतं. ‘डोळ्यांवर हेडसेट चढवून दुखणं थोडंच कमी होतं? ती सगळी मनाची समजूत,’ हे वाक्य बरीच वर्षं फिरतंय. ते चुकीचं आहे.

भाजलेल्या माणसाची पट्टी बदलताना मॉर्फिन देऊनही वेदना असह्य होतात. चिकटलेली पट्टी सोडवायची, मेलेली कातडी घासून काढायची, आणि हे रोज! १९९६ च्या सुमारास अमेरिकेत सिएटलमध्ये हंटर हॉफमन आणि डेव्हिड पॅटरसन या मानसशास्त्रज्ञांनी अशा रुग्णांसाठी व्हीआर वापरायला सुरुवात केली; पुढे त्यासाठी खास बर्फाळ दरीचं आभासी जग तयार झालं. नर्स जखम धूत असते आणि रुग्ण तिकडे पेंग्विनांवर बर्फाचे गोळे फेकत असतो.

मग दुखणं कमी झालं, हे नुसतं रुग्णाचं सांगणं का? नाही. २००४ मध्ये निरोगी स्वयंसेवकांच्या पायाला गरम चटके देत त्यांच्या मेंदूचा एफएमआरआय, म्हणजे मेंदूचा कोणता भाग किती काम करतोय हे दाखवणारा स्कॅन, काढला. व्हीआर चालू असताना मेंदूच्या वेदनेशी निगडित पाचही भागांचं काम मंदावलेलं दिसलं. वेदना जाणवायला लक्ष लागतं, आणि ते लक्षच दुसरीकडे गुंतलेलं असतं.

नोव्हेंबर २०२१ मध्ये अमेरिकेच्या एफडीएने (औषधं आणि उपचारांना मंजुरी देणारी सरकारी संस्था) जुनाट कंबरदुखीसाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळणाऱ्या व्हीआर उपचाराला परवानगी दिली. चाचणीत ६६ टक्के रुग्णांची वेदना ३० टक्क्यांहून जास्त उतरली; तुलनेच्या गटात हे प्रमाण ४१ टक्के होतं.

व्हीआरने सगळं बरं होतं, हा उलट टोकाचा दावाही खोटाच. व्हीआरने जखम भरत नाही. भाजलेल्यांना ते औषधांच्या जोडीने देतात, म्हणून चालू गोळ्या स्वतःहून बंद करू नका.