रेकॉर्डिंग करता करता सॉफ्टवेअर बंद पडतंय? फॉर्मॅट मारायच्या आधी हे वाचा

(आमच्याकडून कॉम्प्युटर, माइक किंवा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा, घेतलेल्या सगळ्यांसाठी)

एप्रिल लागला की आमचा फोन वाजत राहतो. १४ एप्रिलच्या आधी भीमगीतं पूर्ण करायची असतात, घराघरात हार्मोनियम, ढोलकी, कोरस सगळं एका खोलीत चालू असतं, आणि मग तक्रार येते, "भाऊ, गाणं अर्ध्यावर आलं का सॉफ्टवेअर बंद पडून राहिलं, विंडोज नवीन टाकून देता का?" दसऱ्याच्या आधी हेच पुन्हा.

नका टाकू. म्हणजे लगेच तरी नका टाकू. बहुतेक वेळा विंडोजचा काही दोष नसतो, आणि घाईत ड्राइव्ह फॉर्मॅट झाली की गायकाचा आवाजही तिच्यासोबत जातो. मशीन दुरुस्त होते, पण आजोबांनी एका दमात म्हटलेला अंतरा दुसऱ्यांदा तसाच येईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही.

म्हणून आधी आवाज शोधा

प्रोजेक्ट उघडत नाही म्हणजे रेकॉर्डिंग गेलं असं नसतं. बहुतेक रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरांत प्रोजेक्ट फाइलमध्ये फक्त कोणता तुकडा कुठे ठेवलाय एवढीच नोंद असते, खरा आवाज वेगळ्या वेव्ह (.wav) फाइलीत असतो. क्यूबेसमध्ये प्रोजेक्टच्या फोल्डरात 'ऑडिओ' नावाचं फोल्डर बघा, एबलटनमध्ये 'सॅम्पल्स'च्या आत 'रेकॉर्डेड', एफएल स्टुडिओत डॉक्युमेंट्समधल्या इमेज-लाइनच्या फोल्डरात ऑडिओच्या आत 'रेकॉर्डेड'. रीपरमध्ये प्रोजेक्ट सेव्हच केला नसेल तर डॉक्युमेंट्समधल्या 'रीपर मीडिया'त सापडायची शक्यता जास्त. ऑडॅसिटीच्या नव्या आवृत्त्यांत आवाज प्रोजेक्ट फाइलच्या आतच असतो, पण ती पुन्हा उघडल्यावर रिकव्हरीची खिडकी स्वतःच येते, तिथे घाईत 'डिस्कार्ड' दाबू नका, नीट वाचून रिकव्हर करा. जे सापडेल ते आधी पेनड्राइव्हवर कॉपी करा, बाकीचं नंतर.

कधी फाइल सापडते, साइज पण मोठी दिसते, पण प्लेयर शून्य सेकंद दाखवतो. सॉफ्टवेअर मध्येच बंद पडल्यामुळे फाइलच्या सुरुवातीची माहिती लिहायची राहिलेली असते, आतला आवाज सहसा असतो. ऑडॅसिटीच्या इम्पोर्टमध्ये 'रॉ डेटा' निवडा, ज्या सेटिंगवर रेकॉर्ड केलं तेच बिट, सॅम्पल रेट (सेकंदाला आवाजाची किती मापं घेतली, जसं ४४१०० किंवा ४८०००) आणि चॅनल (मोनो की स्टीरिओ) द्या. नुसती खरखर आली तर घाबरू नका, सेटिंग बदलून परत बघा.

नेमकं काय बंद पडलं?

हे आम्ही पहिल्यांदा विचारतो. फक्त सॉफ्टवेअर गायब झालं आणि बाकी कॉम्प्युटर ठीक आहे, तर संशय प्लगइनवर, म्हणजे आवाजावर इफेक्ट द्यायला किंवा वाद्यं वाजवायला सॉफ्टवेअरला जोडलेल्या छोट्या प्रोग्रामवर. आवाज तुटला, इंटरफेस दिसेनासा झाला, तर ड्रायव्हर (विंडोज आणि इंटरफेसचं बोलणं जुळवणारा प्रोग्राम), केबल नाहीतर यूएसबी. आणि अख्खं मशीन रीस्टार्ट झालं किंवा निळी स्क्रीन आली तर उष्णता, रॅम, पॉवर सप्लाय किंवा एखादा ड्रायव्हर. नुसतं रेकॉर्डिंग सॉफ्टवेअर काढून परत टाकून ही तिसरी भानगड मिटत नाही.

प्लगइनबद्दल थोडं जास्त सांगतो, कारण जास्त घोळ इथेच असतो. प्लगइन साधारणपणे सॉफ्टवेअरच्या पोटातच चालतं, त्यामुळे एक रिव्हर्ब (आवाज घुमवणारं प्लगइन) मेला की पूर्ण प्रोजेक्ट घेऊन जातो. विंडोजमध्ये इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्ज, त्यात ॲप्लिकेशन, आणि ज्या वेळी बंद पडलं त्या वेळची लाल एरर बघा. 'फॉल्टिंग मॉड्यूल नेम' पुढे एखाद्या प्लगइनचं नाव असेल तर चोर सापडला. विंडोजच्याच फाइलचं नाव असेल, जसं एनटीडीएलएल, तर त्यावरून विंडोजला दोष देऊ नका, बिघाड दुसऱ्याचा असून नाव तिचं येऊ शकतं.

प्रोजेक्ट उघडता उघडताच बंद पडत असेल तर रीपरमध्ये फाइल उघडायच्या खिडकीत एफएक्स (म्हणजे प्लगइन्स) ऑफलाइन ठेवून उघडायचा पर्याय आहे, तो टिक करा आणि मग एकेक प्लगइन ऑनलाइन आणा. क्यूबेस सुरू होताना कंट्रोल, ऑल्ट, शिफ्ट तिन्ही दाबून ठेवले की सेफ मोडचा पर्याय येतो. एखादं प्लगइन सोडवतच नसेल तर रीपरमध्ये ते वेगळ्या प्रोसेसमध्ये चालवता येतं, एफएल स्टुडिओत 'मेक ब्रिज्ड' करता येतं, मग ते मेलं तरी गाणं सहसा वाचतं. आणि क्रॅक केलेली प्लगइन्स टाकून आणलेलं मशीन आम्ही घेतो, पण ती काढल्याशिवाय पुढचं निदान करत नाही, कारण ज्याच्या आत कोणी काय बदललंय माहीत नाही त्यावर विसंबून काही सांगताच येत नाही.

आता आपल्या नागपूरची गोष्ट

रेकॉर्डिंगच्या वेळी कूलरचा आवाज माइकमध्ये येतो म्हणून कूलर बंद, पंखा बंद, दार-खिडक्या बंद. बाहेर पारा ४२-४४, आत चार माणसं आणि गादीवर ठेवलेला लॅपटॉप ज्याची हवा जायची खालची जाळी गादीनेच झाकली. प्रोसेसर फार तापला की स्वतःला वाचवायला वेग कमी करतो, मग आवाजात कटकट येते, आणि तरी तापत राहिला तर मशीन बंदच होतं. सकाळी ठीक चालतं, दुपारी बंद पडतं, असं असेल तर आधी हेच तपासा. लॅपटॉप कडक टेबलावर, मागून थोडा उचलून ठेवा, दोन टेकच्या मधे दार उघडून हवा खेळू द्या, जमलं तर सकाळी ७-८ ला रेकॉर्डिंग उरका. आतला पंखा धुळीने भरला असेल तर साफ करून घ्या. पण कूलरच्या तोंडासमोर मशीन ठेवू नका, ती हवा ओली असते.

रेकॉर्ड करताना रिव्हर्ब, मास्टरिंगची प्लगइन्स सगळी बंद ठेवा, ती मिक्सिंगला लावा. जुने ट्रॅक फ्रीझ करा, म्हणजे त्यांचा इफेक्टसकट तयार आवाज वाजतो आणि प्रोसेसरवरचा भार कमी होतो. बफर म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचा किती तुकडा हाताळतो ते; ४४१०० च्या सॅम्पल रेटवर तो १२८ ठेवला तर एका बफरचा उशीर साधारण ३ मिलिसेकंद, ५१२ वर साडेअकरा. गाताना कमी बफर हवा असं सगळे म्हणतात, पण इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंग असेल तर गायक स्वतःचा आवाज थेट ऐकतो, मग ५१२ ठेवायला काय हरकत आहे?

ड्रायव्हर इंटरफेसच्या कंपनीचाच टाका. एएसआयओ (कमी उशिरात आवाज नेणारा ड्रायव्हरचा प्रकार) ज्या इंटरफेसला स्वतःचा नाही, फक्त त्याच्यासाठी 'एएसआयओ फॉर ऑल'. ब्राउझर बंद, सॅम्पल रेट सगळीकडे एकच. केबल हबमध्ये न लावता सरळ कॉम्प्युटरला, आणि पॉवर ऑप्शनमध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवायला यूएसबी झोपवणारी सेटिंग) डिसेबल.

जागेचा हिशोबही बघा. २४ बिट, ४८००० वर एक मोनो ट्रॅक मिनिटाला साधारण ८.६ एमबी खातो, म्हणजे आठ ट्रॅकचा एक तास चार जीबीच्या वर. सी ड्राइव्ह लाल झालेली असताना रेकॉर्ड करू नका, आणि चालू प्रोजेक्ट वनड्राइव्हसारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरात ठेवू नका.

डेस्कटॉप असेल तर यूपीएस घ्याच. वादळ सुटलं की लाइट जाते, आणि लाइट गेल्यावर चालू रेकॉर्डिंग वाचेलच याची खात्री कोणतंच सॉफ्टवेअर देऊ शकत नाही.

एवढं करूनही जमलं नाही तर आणा आमच्याकडे. हिंगणा, कामठीवरून येणाऱ्यांनी आधी फोन करा, उगाच दोन चकरा नको. येताना लॅपटॉपसोबत इंटरफेस, त्याचीच केबल आणि चार्जर आणा, कारण केबल खराब असेल आणि घरीच राहिली तर इथे सगळं छान चालतं. इव्हेंट व्ह्यूअरमधल्या एररचा फोटो असेल तर तोही पाठवा, आणि शेवटचं बंद पडलं तेव्हा किती वाजले होते ते लिहून ठेवा. तुमच्या वेव्ह फाइली आधी वेगळ्या ड्राइव्हवर कॉपी करतो, तुम्हाला ऐकवतो, तुम्ही हो म्हटलं की मगच मशीनला हात लावतो.